जखमेतली वीज

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या मोंढ्याकडून येणारा वाराही तिखट होतो. ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. दिवसभर देठं खुडणाऱ्या बाया घरी जाऊन कितीदा हात धुतात, खोबरेल चोळतात, तरी आग रात्री उशिरापर्यंत जात नाही. बोटाला बारीक चीर असली तर बघायलाच नको. ही आग नेमकी कशाची, ते १९९७ साली उलगडलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला मज्जातंतूच्या पडद्यात प्रथिनाचं एक दार सापडलं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. मिरचीतलं कॅप्सेसिन लागलं की हे दार उघडतं आणि सोडियम-कॅल्शियमचे भारित कण आत घुसतात. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अशा एका दारातून एक पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग, एवढा प्रवाह गेला तरी सेकंदाला ६२ लाख विद्युतभार आत जातात. मिरची झोंबते ती विजेनं.

पण मला सांगायचं आहे ते त्या चिरेबद्दल. मिरची लागली नसती तरी त्या चिरेत वीज वाहतच होती.

आपल्या शरीरातली प्रत्येक जिवंत पेशी पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. पडद्याची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले सात. मज्जापेशीत या पडद्याच्या आतबाहेर ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा अगदीच किरकोळ वाटतो. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेलही दीड व्होल्टचा, म्हणजे याच्या वीसपटीहून जास्त. मात्र हे ७० मिलिव्होल्ट ७ नॅनोमीटरच्या अंतरात कोंबलेले असतात. भागाकार केला तर दर मीटरला १ कोटी व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. हवेत ठिणगी पाडणाऱ्या ताणाच्या तिप्पट ताण आपण प्रत्येक मज्जापेशीच्या कडेला घेऊन हिंडतो, जेवतो, झोपतो.

कातडीचं गणित याच्या पुढचं आहे. वरच्या थरातल्या पेशी सोडियमचे भारित कण बाहेरून आत ओढत राहतात, त्यामुळे सबंध कातडीच्या दोन बाजूंमध्ये फरक तयार होतो. फाउल्ड्स आणि बार्कर या संशोधकांनी १९८३ साली माणसांच्या अंगावर जागोजागी तो मोजला. १० ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान आकडे आले, सरासरी २३ च्या आसपास. धर्माबादच्या माणसाला हे समजायला बाभळीच्या बंधाऱ्याकडे बघावं. गोदावरीवरच्या या बंधाऱ्याला १४ दरवाजे आहेत. ते खाली असतात तेव्हा आत २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उभं राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे दरवर्षी १ जुलैला दरवाजे वर जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात. दरवाजा उचलला की अडलेल्या पाण्याला एकच दिशा मिळते. कातडी कापली जाते तेव्हा हेच होतं. इतका वेळ थोपवून धरलेला भार जखमेच्या वाटेनं बाहेर पडू लागतो, आणि भोवतालच्या मांसातून जखमेच्या मध्याकडे वीज वाहायला लागते.

हा प्रवाह पहिल्यांदा माणसात मोजला तो बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी, १८४३ साली, आणि तोही स्वतःच्या कापलेल्या बोटातून. त्या काळी एवढी बारीक वीज दाखवणारं यंत्र मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी तीन किलोमीटरहून जास्त लांबीची तार गुंडाळून स्वतःचं गॅल्व्हॅनोमीटर तयार केलं. एका बोटाच्या चिरेसाठी तीन किलोमीटर तार! काटा हलला तो सुमारे १ मायक्रोअँपिअरनं.

एक मायक्रोअँपिअर किती? घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब याच्या चाळीस हजार पट प्रवाह घेतो. एका चिरेतून १ मायक्रोअँपिअर ५० मिलिव्होल्टच्या ताणानं वाहतो असं धरलं, तर तो एक बल्ब पेटवायला १८ कोटी चिरा लागतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख भरली होती. म्हणजे अख्ख्या राज्यानं बोट कापून घेतलं तरी धर्माबादच्या एका खोलीतला दिवा पुरता उजळणार नाही. आणि तरीही या इवल्याशा प्रवाहात दर सेकंदाला ६ लाख २४ हजार कोटी विद्युतभार सरकत असतात. दोन्ही आकडे खरे आहेत. एकाच गोष्टीकडे बल्बच्या बाजूनं पाहिलं तर ती जवळजवळ नाहीच, आणि कणाच्या बाजूनं पाहिलं तर मोजता मोजता जन्म सरेल.

पेशी पाहते ती कणाच्या बाजूनं. १९८२ साली बार्कर, जॅफे आणि व्हॅनेबल यांनी गिनीपिगच्या जखमेच्या काठाशी विद्युतक्षेत्र मोजलं. ते दर मिलिमीटरला १०० ते २०० मिलिव्होल्टच्या घरात निघालं. कातडीची एक पेशी धरा २० मायक्रॉन लांब. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक पडतो फक्त दोन मिलिव्होल्टचा. एवढ्याशा फरकावर ती पेशी ठरवते की जखम कोणत्या बाजूला आहे, आणि चालायला लागते. वेग मिनिटाला सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या अंगाएवढं अंतर कापायला वीस मिनिटं. एक सेंटिमीटर रुंदीची जखम दोन्ही काठांकडून भरत आली तर प्रत्येक बाजूच्या पेशीला पाच मिलिमीटर जायचं असतं. पाच हजार मिनिटं, म्हणजे न थांबता साडेतीन दिवस. खऱ्या जखमेत याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण वाटेत रक्ताची गुठळी असते, मेलेलं मांस असतं, जंतू असतात, आणि पेशींना चालता चालता दुणावतही जावं लागतं.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठात तेव्हा असलेले मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये जे छापलं, ते वाचलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकलो नव्हतो. त्यांनी बाहेरून वीज देऊन जखमेतल्या विजेची दिशा उलटी केली, तेव्हा पेशी जखमेकडे यायच्या सोडून तिच्यापासून लांब सरकू लागल्या. समोर जखम उघडी पडलेली, सगळ्या रासायनिक खुणा तिकडे बोलावत असलेल्या, आणि पेशींनी ऐकलं ते विजेचं. रिचर्ड नुचितेली यांच्या २०११ च्या मोजमापांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ६५ ते ८० वयाच्या माणसांच्या जखमेभोवतीचं क्षेत्र १८ ते २५ वयाच्या तरुणांच्या जवळपास दोन तृतीयांशच भरतं. म्हाताऱ्या माणसाची जखम लवकर भरत नाही हे आपल्या आज्या सांगत आल्या. त्याच्या अनेक कारणांत हेही एक असावं.

जखम वाळवायची आपल्याकडची सवयही इथे आठवते. उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे, असं घरोघरी सांगतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर दाखवलं की पातळ पापुद्र्याखाली ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या दुप्पट वेगानं नवी कातडी धरते. कोरड्या खपलीखाली पेशींना खालून वाट खणत जावं लागतं. शिवाय ओल गेली की विजेची वाटही सुकते.

आता शुगरकडे येऊ, कारण आमच्या भागात न भरणारी जखम म्हटलं की आधी तीच आठवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी जखम होण्याचं प्रमाण जगभरात १९ ते ३४ टक्के धरतात. कमीतला कमी आकडा घेतला तरी आपल्या देशात १ कोटी ९० लाखांवर पाय होतात. पायांतली संवेदना गेली आहे का हे तपासायला डॉक्टर नायलॉनचा एक दोरा वापरतात. तळव्याला टेकवून दाबला की तो बरोबर १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. “मामा, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा.” मामा डोळे मिटतात आणि काहीच बोलत नाहीत. दोरा वाकलेला असतो. हेच मामा मोंढ्यात ४० किलोचं पोतं पाठीवर घेत असतील, म्हणजे त्या दोऱ्याच्या चार हजार पट वजन, आणि चपलेतून आत आलेला बाभळीचा काटा त्यांना संध्याकाळी घरी पाय धुताना दिसतो. मिरचीच्या कणानंही आग होऊ नये इतका तो पाय मुका झालेला असतो.

अशी जखम महिनोन्महिने चिघळत राहिली की घरचे दारोदार फिरतात, आणि कुठे तरी कुणी तरी चुंबकीय लहरींच्या यंत्राचं नाव काढतं. ते नाव पूर्ण हवेतलं नाही, म्हणूनच त्याच्याबद्दल नीट बोललं पाहिजे. जखमेला स्वतःची वीज असते, ती पेशींना वाट दाखवते, मग बाहेरून थोडी भर घातली तर? विचार सरळ आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की जवळच्या वाहकात वीज उभी राहते, स्पर्शाशिवाय. याच तत्त्वावरच्या उपकरणाला अमेरिकेत १९७९ साली न जुळणाऱ्या हाडांसाठी परवानगी मिळाली. जखमेला हात न लावता, पट्टी न सोडता वीज पोचवायची, ही कल्पना कुणालाही मोह घालेल.

यंत्रांचे आकडे तर छाती दडपणारे असतात. एक जुना प्रकार २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७१ लाख २० हजार वेळा क्षेत्र मागेपुढे होतं. त्याचे ठोके ६५ मायक्रोसेकंदांचे, सेकंदाला सहाशेपर्यंत. एका ठोक्यात १७६३ लहरी मावतात. अर्धा तास यंत्राखाली बसलं तर प्रत्यक्ष लहरी अंगावर पडतात त्या एकूण सत्तर सेकंदच. बाकी सगळा वेळ शांतता.

आता हे आकडे त्या चालणाऱ्या पेशीशेजारी ठेवून बघा. ती मिनिटाला एक मायक्रॉन सरकते. लहर अखंड चालू धरली तर तेवढ्या वेळात विजेची दिशा ३२५ कोटी वेळा बदलून जाते. इकडे ये म्हणून सांगायचं आणि तेवढ्याच वेळा तिकडे जा म्हणायचं, त्यातून वाट सापडणार कशी? या पद्धतीचे अभ्यासकही ते जाणतात. म्हणून ते दुसरी वाट मांडतात: लहरींमुळे पेशीतल्या कॅल्शियमची बांधणी बदलते, त्यातून नायट्रिक ऑक्साइड वाढतं, सूज उतरते. हे अशक्य नाही. पण मग जखमेच्या नैसर्गिक विजेचा दाखला या यंत्रासाठी द्यायला नको.

दुसरा प्रकार मंद गतीचा. समजा सेकंदाला ७५ फेऱ्या आणि एक मिलिटेस्ला ताकद. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे यंत्र त्याच्या पंचवीसपट. पंचवीसपट ऐकायला मोठं वाटतं. पण दहा सेंटिमीटर जाडीच्या पोटरीच्या कडेला त्यानं उभी राहणारी वीज कागदावर काढली, तर दर मिलिमीटरला मिलिव्होल्टचा जेमतेम शंभरावा भाग येतो. जखमेची स्वतःची वीज शंभर मिलिव्होल्ट. म्हणजे यंत्राची भर जखमेपेक्षा आठ-दहा हजार पटींनी लहान. झटक्यानं चढणारे ठोके वापरले तर फरक कमी होतो, तरी शंभर ते हजार पटींचा राहतोच. आणि स्थिर चुंबक, पट्ट्यात किंवा गादीत शिवलेला, कितीही जोरदार असला तरी फॅरेडेंच्या नियमानं काहीच वीज उभी करत नाही. बदल हवा, आणि तो चुंबक तर जागचा हलत नाही.

तरीही गणित चुकू शकतं. शरीर कागदावर मावत नाही. म्हणून शेवटी माणसांवर काय झालं ते विचारायचं, आणि या सगळ्या विषयातला मला सगळ्यात चक्रावून टाकणारा आकडा इथे आहे. चांगल्या प्रतीच्या चाचण्या गोळा करून पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं या उपचारावर दोन आढावे घेतले. पायाच्या शिरांच्या विकारामुळे होणाऱ्या जखमांवर तीन चाचण्या सापडल्या, एकूण रुग्ण ९४. अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमांवर दोन चाचण्या, रुग्ण ६०. बेरीज १५४. धर्माबादला थांबणाऱ्या एखाद्या गाडीच्या दोन साध्या डब्यांत ही सगळी माणसं बसतील. शिवाय सगळ्या चाचण्यांची यंत्रं, वेळा, मोजमापं एकसारखी नव्हती. त्यांतली १९९० ची इटलीतली चाचणी वाचताना मनात आशा जागते: नव्वद दिवसांनी यंत्र घेतलेल्या १८ जणांपैकी १२ जणांची जखम भरली होती, नुसतं बंद यंत्र लावलेल्या १९ पैकी ६ जणांची. पण इतक्या थोड्या माणसांत दोघा-तिघांनी पारडं इकडचं तिकडे होतं. आढाव्यांचा निष्कर्ष हाच, की उपयोग होतो असं म्हणायला भक्कम पुरावा नाही.

आपल्याकडचा आकडा आणखी लहान आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मज्जासंस्थेच्या आजारांनी पडून असलेल्या १२ रुग्णांच्या २४ जखमांवर चाचणी झाली आणि ती २००९ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त छापून आली. ४५ मिनिटांच्या ३० बैठका, म्हणजे प्रत्येक माणूस साडेबावीस तास यंत्रात. जखमा दोन्ही गटांत सुधारल्या. ज्यांचं यंत्र चालू होतं त्यांच्यात आणि ज्यांचं बंद होतं त्यांच्यात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. मला ही चाचणी फार मोलाची वाटते. बंद यंत्राखालच्या जखमाही सुधारल्या याचा अर्थ त्या माणसांची रोज नीट काळजी घेतली जात होती: कूस बदलणं, सफाई, पट्टी. चालू यंत्राचे रुग्णच फक्त पाहिले असते तर सगळं श्रेय यंत्राला गेलं असतं.

किती माणसं लागतील मग? समजा नेहमीच्या उपचारानं शंभरात ५० जखमा भरतात आणि यंत्रानं ६० भरतील असा दावा आहे. हा फरक खरा की योगायोग, हे खात्रीनं सांगायला संख्याशास्त्राच्या रूढ हिशेबानं प्रत्येक गटात सुमारे ३९० रुग्ण लागतात. दोन्ही मिळून जवळपास आठशे, तेही एकाच प्रकारच्या जखमेचे, एकाच यंत्रावरचे. हे अवघड जरूर आहे, अशक्य नाही. नांदेडच्या आणि लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शुगरच्या पायाचे रुग्ण रोज येतात. अशी एखादी चाचणी मराठवाड्यात उभी राहिली तर मला अतोनात आनंद होईल, निकाल कोणताही लागो.

तोवर मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं २०२३ चं मार्गदर्शन साफ आहे: जखम भरवण्यासाठी वीज, चुंबक यांसारख्या भौतिक उपचारांची ते शिफारस करत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअरनं १ जुलै २००४ पासून या उपचाराला पैसे द्यायचं मान्य केलं, पण अट घातली की आधी किमान ३० दिवस नेहमीचे उपचार झालेले असावेत आणि तरीही जखम हललेली नसावी.

नेहमीचे उपचार म्हणजे काय, ते मामांच्या पायावर मोजू. दिवसाला पाच हजार पावलं धरा, एका पायावर अडीच हजार. वजन साठ किलो. त्या एका तळव्यावर दिवसाकाठी दीड लाख किलो, दीडशे टन, येऊन आदळतात. पोत्याचं वजन यात धरलेलंच नाही. बारा आठवड्यांत त्याच जागेवर दोन लाख दहा हजार घाव. दोन मिलिव्होल्टच्या खुणेवर मिनिटाला एक मायक्रॉन सरकत आलेली पेशी प्रत्येक पावलाला चिरडली जाते.

डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे पाय वर्षानुवर्षं पाहून हेच ओळखलं. ते मांस सडकं नव्हतं. दुखत नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राही. पायाला सगळीकडून घट्ट बसणारं प्लास्टर घालून वजन वाटून द्यायचं, ही पद्धत त्यांनी वापरली आणि पुढे अमेरिकेतल्या कारव्हिलला नेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहाचे ६३ रुग्ण होते. बारा आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी जवळपास ९० टक्क्यांची जखम भरली, काढता-घालता येणाऱ्या बुटानं ६५ टक्क्यांची, अर्ध्या चपलेनं ५८ टक्क्यांची. ६३ हाही आकडा मोठा नाही. पण ९० आणि ५८ मधला फरक इतका रुंद आहे की तो थोड्या माणसांतही दिसतो. जंतुसंसर्ग नसावा आणि पायाला रक्त पुरेसं पोचत असावं, एवढं आधी डॉक्टरांनी तपासावं लागतं. बूट आणि प्लास्टर यांतला मोठा भेद इतकाच की प्लास्टर रात्री पाणी प्यायला उठताना काढून ठेवता येत नाही.

मामांना बारा आठवडे बसवणं म्हणजे घरात बारा आठवड्यांची हमाली बंद. हे मी विसरलेलो नाही. यंत्राकडे माणसं वळतात त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे. अर्धा तास बसा आणि उद्या कामाला जा, असं सांगणारा उपचार गरिबाला परवडतो असं वाटतं.

पाय टेकला नाही, जखम ओलसर आणि स्वच्छ राहिली, साखर आटोक्यात राहिली, तर आतली वीज आपलं काम करत राहते. दोन्ही काठांकडून पेशी येत राहतात, उघडा राहिलेला भाग रोज थोडा आक्रसतो आणि बाहेर पडणारा भार कमी होत जातो. बाभळीचे दरवाजे खाली येतात तसा एकेक मार्ग बंद होतो. मग एका रात्री, कुणाच्याही नकळत, इकडची शेवटची पेशी तिकडून आलेल्या पेशीला भिडते. द्यु ब्वा-रेमों यांची तीन किलोमीटरची तार त्या क्षणी तळव्याला जोडली असती, तर काटा सावकाश मागे येऊन शून्यावर थांबला असता.